मदत हवी आहे: नव्या 'संधायक'चा तळ कसा आहे?

नौदलाच्या आयएनएस संधायक या सर्वेक्षण जहाजाची १:२०० प्रमाणातली प्रतिकृती करतोय. नवं जहाज, कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्याने बांधलेलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला दाखल झालेलं. मूळ लांबी ११० मीटर, म्हणजे मॉडेल ५५ सेंमी. वरचा भाग जवळपास झाला: हँगर, चारही सर्वेक्षण बोटी, पांढरा रंग. घोडं अडलंय ते पाण्याखाली.

समुद्रतळ मोजणारा मल्टीबीम इको साउंडर तळाशी असतो, एवढं कळतं. पण तो तळाशी सपाट बसवलाय की खाली उतरणाऱ्या वेगळ्या फुगवट्यात? आणि नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) साधारण किती अंतरावर? प्रतिकृती उभ्या काचेच्या पेटीत राहणार, तळ दिसणारच. त्यामुळे 'पाण्याची रेघ धरून काप' हा सल्ला कृपया नको.

जलावतरणाचे फोटो पाहिले, सगळे बाजूने किंवा समोरून. शोधताना १९८१ ते २०२१ सेवेत असलेलं जुनं संधायकही मध्येच येतं (नाव तेच, बोटीही तशाच, दोनदा फसलो). निर्देशक आणि इक्षक याच वर्गातली, त्यांचे फोटोही चालतील. मकर नको, ते दोन सांगाड्यांचं आहे.

गोपनीय काही नकोय, फक्त उघडपणे प्रसिद्ध झालेलं. सुक्या गोदीतला, तळ दिसणारा या वर्गातल्या जहाजाचा फोटो कुणाच्या पाहण्यात आहे का?