फ्लॉपी, जीबी आणि निळवं

राजारामपुरीकर : माळा आवरताना प्लास्टिकचा डबा सापडला, आत दहा फ्लॉप्या. एकीवर बॉलपेननं लिहिलेलं, 'पत्रिका फायनल २'. नववीतल्या भाच्यानं ती हातात घेतली, पत्र्याचं झाकण दोनदा खटखट सरकवलं आणि विचारलं, "मामा, हिच्यात किती जीबी?" म्हटलं, जीबी कुठला बाबा, १.४४ एमबी. तुझ्या मोबाईलमधला चार एमबीचा एक फोटो ठेवायचा तर असल्या तीन लागतील. आणि ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह ओतायचा तर त्रेचाळीस हजारांवर! पोरगं हसत सुटलं. मला मात्र प्रश्न पडला, ह्या 'किती मावतं'ला मराठीत शब्द कोणता? शाळेच्या गणितात 'धारकता' आहे, कागदोपत्री 'साठवण क्षमता'. दुकानात दोन्ही कधी ऐकले नाहीत.

शब्दवेडी : नाम कशाला शोधताय, क्रियापद बघा की. कॅसेटच्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि साठ नाहीतर नव्वद मिनिटांची कॅसेट 'भरून' घ्यायची. पुढं ७०० एमबीची सीडी आली, ती आपण 'मारून' घ्यायला लागलो. मेमरी कार्ड आलं आणि परत पाट्या लागल्या, 'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील'. माझा आपला अंदाज : साधी सीडी एकदा लिहिली की संपलं, म्हणून शिक्का मारल्यासारखी मारायची. कॅसेट आणि कार्ड पुसून परत वापरता येतं, म्हणून भरायचं. पेन ड्राइव्हवरही 'मारून दे' म्हणणारे आहेत, तिथं माझा नियम लंगडा पडतो.

लक्ष्मीपुरीतला धान्यवाला : 'भरणे' म्हणालात ते बरोबर, तो आमच्या मापाचा शब्द. आता गंमत ऐका. दोन निळव्यांचं (कुणी नेळवं म्हणतं) एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सगळी दुप्पट-दुप्पट, तुमच्या कॉम्प्युटरसारखी. म्हणजे पायलीत ६४ निळवी. सोळा पायल्यांचा मण. करा गुणाकार.

राजारामपुरीकर : १०२४! अहो, हा तर केबी झाला, तोही १०२४ बाइटांचा धरतात.

शंकासुर : मण चाळीस शेरांचा असतो. तुमच्या हिशोबानं चौसष्ट शेर होतात.

लक्ष्मीपुरीतला धान्यवाला : चाळीस शेरांचा तो वजनाचा मण, तराजूतला. मी मापी मण सांगतोय. आणि वीस मणांची खंडी आली की दुप्पट मोडते, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगतो.

शंकासुर : बरं. मग ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला की ५९.६ का दिसतो? मापात पाप?

शब्दवेडी : पाप नाही, शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढणारी रास. बनवणारे सपाट माप देतात, १००० चं. विंडोज शिगेनं मोजतं, १०२४ नं, आणि लिहितं मात्र जीबीच. दर पायरीला शीग चढत जाते : केबीला हजारामागं २४, जीबीला सात टक्क्यांवर, टीबीला जवळजवळ दहा टक्के. १९९८ साली शिगेच्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली, पण दुकानात जाऊन कोण 'गिबी' मागतंय? फ्लॉपीचं १.४४ तर दोन्ही मापांची भेसळ : एकदा १०२४ नं, एकदा १००० नं.

राजारामपुरीकर : आणखी एक जुळलं. मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ चा. त्याच वर्षी आयबीएममध्ये वर्नर बुखहोल्झ यांनी 'बाइट' हा शब्द काढला. इकडं निळवं निघालं, तिकडं बाइट आला. फक्त बाइटात इंग्रजीचं एक अक्षर मावतं. युनिकोडात (कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्या लिहायची पद्धत, तिचा यूटीएफ-८ हा प्रकार) आपलं नुसतं 'क' तीन बाइट खातं आणि 'कोल्हापूर' २७.

शंकासुर : शेवटचं. पायल्या म्हणतो, फ्लॉप्या म्हणतो, मग 'जीब्या' का नाही?

लक्ष्मीपुरीतला धान्यवाला : फळीवर चार 'पायल्या' आहेत, पण गिऱ्हाईक मागतं चार 'पायली' जोंधळं. भांडं असलं की अनेकवचन, माप असलं की नाही. फ्लॉपी हातात धरता येते. जीबी कुणी हातात धरलाय?