राजधानी : राजा ठेवायची जागा की मुख्य शहर?

भाचीच्या प्रश्नमंजूषेत विचारलं होतं, 'पवित्र रोमन साम्राज्याची राजधानी कोणती?' पर्याय रोम, व्हिएन्ना, प्राग, आखेन. मी छातीठोकपणे व्हिएन्ना सांगितलं, उत्तर निघालं आखेन. भाची रुसली ती रुसलीच. आता मला शंका 'राजधानी' या शब्दाचीच आहे. त्याचा नेमका अर्थ काय धरायचा?

—

भाचीला म्हणावं, मामाचं चुकलं नाही, प्रश्नच चुकलाय. मध्य युरोपातल्या, मुख्यतः जर्मन असलेल्या त्या साम्राज्याला एक अशी राजधानी कधी नव्हतीच. सुरुवातीची काही शतकं तर राजाचं विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर. जागोजागी त्याचे वाडे असत, जर्मनमध्ये 'फाल्त्स'. आसपासच्या राजजमिनींचं धान्य, जनावरं तिथे जमा व्हायची. लवाजमा यायचा, न्यायनिवाडे करायचा, कोठार रिकामं झालं की पुढच्या वाड्याकडे. तेव्हाच्या रस्त्यांवरून धान्य राजाकडे नेण्यापेक्षा राजानेच धान्याकडे गेलेलं परवडत असे!

पुढे सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५६ साली 'गोल्डन बुल' या फर्मानात नियम घातले, तेही असे : राजाची निवड फ्रँकफुर्टला, अभिषेक आखेनला, पहिली सभा न्यूर्नबर्गला. आणि स्वतः राहायला प्रागमध्ये. उत्तरपत्रिकेतलं आखेन यातूनच आलं असणार. पण आखेनचा शेवटचा अभिषेक १५३१चा, नंतर तेही नाही. १६६३पासून साम्राज्यसभा रेगेन्सबुर्गला ठाण मांडून बसली, ती १८०६मध्ये साम्राज्य बुडेपर्यंत.

—

शब्दापुरतं बोलतो. 'धानी' म्हणजे ठेवायची जागा. धातू 'धा', ठेवणे. संस्कृतात मसीधानी म्हणजे दौत, तशी राजधानी म्हणजे राजा ठेवायची जागा. फारसीतलं 'दान' याच मुळाचं. त्यातून आपल्याकडे फुलदाणी, अत्तरदाणी, पिकदाणी आल्या. म्हणजे राजधानी आणि पिकदाणी चुलतबहिणी निघाल्या. (हे भाचीला सांगा, रुसवा जाईल.)

तेव्हा मूळ अर्थाने राजा जिथे नांदतो ते गाव राजधानी. सरकारी कचेऱ्या, संसद, दूतावास हे सगळं नंतर चिकटलं.

—

मग मूळ अर्थाने माझं व्हिएन्ना बरोबर की नाही? पुढचे बहुतेक सम्राट ज्या घराण्याचे, ते हाब्सबुर्ग तर तिथलेच.

—

तिथलेच कसले! घराण्याचं नाव ज्या गढीवरून पडलं ती आजच्या स्वित्झर्लंडमध्ये, आरगाऊ प्रांतात. व्हिएन्ना त्यांच्याकडे तेराव्या शतकात आलं. आणि सगळे तिथे राहिलेही नाहीत. त्यांच्यातल्या सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने १५८३मध्ये दरबार प्रागला हलवला, टायको ब्राहे आणि केप्लर हे खगोलशास्त्रज्ञ त्याच्या पदरी होते ते तिथेच. मूळ अर्थ लावलात तर तेवढी वर्षं प्राग बरोबर.

मात्र जर्मनांची यात आपल्यासारखी ओढाताण होत नाही, त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. 'हाउप्टश्टाट' म्हणजे मुख्य शहर आणि 'रेसिडेन्त्सश्टाट' म्हणजे राजाच्या मुक्कामाचं शहर. व्हिएन्नाच्या अधिकृत बिरुदात पुढे दोन्ही जोडून येत. आपण दोन्हीला राजधानीच म्हणतो आणि मग गादी साताऱ्याला, कारभार पुण्याला असं आलं की अडखळतो. भाषांतरात मी पहिल्याला 'राजधानी' आणि दुसऱ्याला 'राजनिवासाचं शहर' लिहितो. लांबलचक आहे, पण घोळ होत नाही. कुणी 'राजनगरी' सुचवतात, मला तो शब्द नाटकी वाटतो.

—

'गादी'वरून आठवलं. हंगेरियनमध्ये 'सेक' म्हणजे खुर्ची, आसन. जुन्या हंगेरियन राजांचे अभिषेक जिथे होत ते सेकेशफेहेरवार, म्हणजे गादीचा पांढरा किल्ला. १५४१मध्ये बुडा तुर्कांनी घेतलं, दोन वर्षांनी सेकेशफेहेरवारही गेलं. मग १५६३पासून अभिषेक पोझोनीला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाला. ते १८३०पर्यंत बहुतेक तिथेच चालले.

पुढे १८९२ साली बुडापेस्टला बिरूद मिळालं 'सेकेशफोवारोश'. फोवारोश म्हणजे मुख्य शहर, त्याच्या आधी तेच 'सेकेश' लावलं. आपल्या शब्दांत 'गादीची राजधानी'. गंमत अशी, की हंगेरीचा राजा तेव्हा ऑस्ट्रियाचा हाब्सबुर्ग सम्राट फ्रान्झ योसेफ, आणि तो वर्षाचा बराच काळ राहायचा व्हिएन्नाला.

—

भाचीला पिकदाणीचं सांगितलं. आता ती शाळेच्या डब्याला पोळीधानी म्हणतेय.