तपकिरी तुडतुडे: ट्रेमधल्या रोपांवरून प्रतिकारक भात निवडणं कितपत बरोबर?

खाचर:
तपकिरी तुडतुडे ही भाताचा रस शोषणारी कीड. तिला प्रतिकारक वाण शोधायची रूढ पद्धत म्हणजे रोपचाचणी: ट्रेमध्ये ७ दिवसांची रोपं, दर रोपावर तुडतुड्यांची दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतली ६-८ पिल्लं, आणि टीएन-१ हा किडीला सहज बळी पडणारा तुलनेचा वाण वाळला की ० (निरोगी) ते ९ (मेलेलं) गुण. माझा आक्षेप असा, की यात एका तगड्या जनुकाचाच वाण उठून दिसतो. आयआर-२६ हा वाण घ्या. १९७३ साली फिलिपिन्समधून तो आला तेव्हा सगळी भिस्त बीपीएच-१ या एका जनुकावर होती. काही वर्षांतच तिथल्या आणि इंडोनेशियातल्या तुडतुड्यांनी ते पचवलं. आपल्याकडच्या तुडतुड्यांपुढे तर ते जनुक मुळातच चाललं नाही.

ओंबी:
मग लाखभर वाणांच्या संग्रहातून निवड करणार कशी? प्रत्येकाला कुंडीत वाढवून? पट्टांबीचा पीटीबी-३३ आणि श्रीलंकेचा रथु हीनाटी हे भक्कम वाण अशाच सरसकट चाचणीतून पुढे आले.

चाचणी फसते ती बहुतेक वेळा हलगर्जीपणामुळे. पिल्लं उजेडाकडे सरकतात, त्यामुळे ट्रेची एकच बाजू आधी करपते आणि दुसऱ्या बाजूचा वाण फुकटात ‘प्रतिकारक’ ठरतो. ट्रे रोज फिरवा. उगवण विरळ असेल तर ती ओळ बादच करा. तुलनेसाठी टीएन-१ आणि प्रतिकारक पीटीबी-३३ प्रत्येक ट्रेमध्ये हवेतच, एका ट्रेचे गुण दुसऱ्याला लावू नका. नोंदीची वेळही पाळा: टीएन-१ ची ९० टक्के रोपं मेली की लगेच. दोन दिवस उशीर केलात तर मध्यम प्रतिकाराचे वाणही मेलेले दिसतील.

खाचर:
शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे! मध्यम प्रतिकाराचे वाण गाळले जातात, हेच तर मी म्हणतोय. आयआर-६४ या वाणामध्येही बीपीएच-१ आहे, पण सोबत छोट्या प्रभावाची इतर जनुकंही आहेत. म्हणून बीपीएच-१ निकामी झाल्यावरही तो शेतात बरीच वर्षं तग धरून राहिला. उत्री राजापान हा वाण तर तुडतुडे पोसूनही उभा राहतो, आणि ही सहनशीलता कोवळ्या रोपात नीट कळत नाही. तेव्हा ५-६ गुणांचे वाण फेकू नका. त्यांची ३० दिवसांची झाडं जाळीत घेऊन किती दिवसांत वाळतात ते मोजा. मधरसाची, म्हणजे कीड बाहेर टाकते त्या गोड चिकट द्रवाची, चाचणीही करा: ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा रंग लावलेला गाळणकागद बुंध्याशी ठेवला, की अन्नरस शोषणाऱ्या किडीच्या मधरसाचे निळे डाग पडतात. डाग कमी, म्हणजे किडीला तिथे पोटभर मिळत नाही.

ओंबी:
दुसरी पायरी म्हणून मान्य. पहिली चाळणी मात्र रोपांचीच राहणार. शिवाय चाचणीसाठी पाळलेल्या तुमच्या वसाहतीतली कीड पिढ्यान्‌पिढ्या टीएन-१ वर वाढलेली असेल, तर जाळीतला निकालही शेताशी जुळणार नाही. दर हंगामात शेतातली कीड आणून मिसळायलाच हवी.

बांधावरून:
दोघंही वाणावरच अडलात. लावणीनंतर महिन्याभरात सरसकट फवारणी केली, की तुडतुडे खाणारे कोळी आणि मिरिड ढेकूण मरतात आणि चांगल्या वाणावरही तुडतुडे वाढतात. इंडोनेशियाने १९८६ साली भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली ती याच अनुभवातून. जास्त नत्र दिलं तरी तेच होतं. आणि खोड पोखरून ओंब्या पांढऱ्या, पोचट करणाऱ्या खोडकिड्याचं काय? त्याला पुरून उरेल असा भक्कम स्रोत लागवडीच्या भातात सापडलेला नाही. टीकेएम-६ या वाणाचा प्रतिकार मध्यमच. कोकणातल्या शेतकऱ्याला तुडतुड्याचं जनुक देऊन पांढऱ्या ओंब्या थांबणार नाहीत.

खाचर:
फवारणीचं पटलं. पण खोडकिड्याला भक्कम स्रोत नाही, म्हणून तर तिथे मध्यम प्रतिकाराचे वाण जपणं जास्तच गरजेचं आहे.