सातवा महिना, लोहाच्या गोळ्यांचा त्रास आणि झोप: मदत हवी आहे

मैत्रिणींनो, मला सातवा महिना लागलाय. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं, म्हणून डॉक्टरांनी लोहाची गोळी वाढवली. तेव्हापासून पोट नीट साफ होत नाही आणि तोंडाची चव पार गेली आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोनेक तास जाऊ द्यायचे, गोळीच्या आसपास चहा-कॉफी नको, हे सगळं पाळतेय. पाणीही भरपूर पिते. पण रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, आणि जेवणानंतर घेतली तर अंगी कमी लागते. तुम्ही कोणत्या वेळी घेत होतात? रात्री झोपताना घेऊन कुणाला बरं वाटलं का? गोळी बंद करणार नाही, बाळासाठी ती हवीच. डॉक्टरांशीही बोलणारच आहे.

दुसरं, कुशीवर झोपते, पण जाग येते तेव्हा उताणी असते. उशी नेमकी कुठे लावायची?

आणि एक. तान्ह्या बाळाला उताणं, सपाट, फार मऊ नसलेल्या गादीवर, उशीशिवाय झोपवायचं हे मला पक्कं ठाऊक आहे. घरचे मात्र हौसेने मऊ उशा नि दुलया जमवतायत. त्यांना न दुखवता तुम्ही हे कसं सांगितलंत?