पहिल्या रात्रीची धाकधूक
गोव्याहून लक्षद्वीपला शिडाच्या बोटीने निघायचंय आणि आठवडाभर झोप नाही, असं म्हणताय. माझंही तसंच झालं होतं. किनारा दिसेनासा झाला आणि सुकाणूवर बोटं इतकी घट्ट आवळली गेली की सोडवताना दुखली. मळमळीची गोळी निघण्याआधीच घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. वारा मंद असला तरी अंधारापूर्वी शीड आखडून घ्या. रात्री डेकवर जाताना हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा हूक बोटीला अडकवायचाच, अगदी लघवीला उठलात तरी! नौदलातले दिलीप दोंदे २००९ मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, पण त्याआधी मॉरिशसची फेरी करून आले होते. तुम्हीही आधी एक रात्र किनाऱ्याजवळच काढून बघा ना.