'एंड फील'ला मराठीत काय म्हणाल?

अडकित्ता: बीपीटीच्या (फिजिओथेरपीची पदवी) तिसऱ्या वर्षाला आहे. बॅचमधले बरेच जण मराठी माध्यमातले, म्हणून मॅन्युअल थेरपीच्या नोट्स मराठीत लिहायला घेतल्या आणि 'एंड फील'पाशी गाडी अडली. पेशंटचा सांधा आपण हलवत शेवटपर्यंत नेला की अगदी टोकाला आपल्या हाताला जे जाणवतं, ते. कोपर सरळ केलं की हाडावर हाड टेकून टक्क थांबतं. वाकवलं की मांस मध्ये येऊन मऊ थांबतं. खांदा बाहेर फिरवला की चामड्याचा पट्टा ताणल्यासारखं. (वर्गवारी सिरियॅक्स या इंग्रज डॉक्टरची.) मी 'अंतिम संवेदना' लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली, पेशंट गेला का?

शेवगा: 'सीमास्पर्श' करा. मराठीत शब्द नाही असं होतच नाही, घडवायचा आळस असतो.

चकलीसोऱ्या: सीमास्पर्श म्हणजे चौकार.

पाटावरवंटा: नाम हवंच कशाला? आपल्याकडे 'हाताला लागणं' आहे की. कणीक हाताला घट्ट लागते, पोटात गोळा हाताला लागतो. 'टोकाला हाताला कसं लागतं' असं लिहा, कुणालाही कळेल.

अडकित्ता: तिथेच फजिती झाली ना! ओपीडीत सरांनी मला विचारलं, "काय लागतंय?" मी 'कडक' म्हणायच्या आत टेबलावरच्या आजीच म्हणाल्या, "काही लागलं नाही हो, पडले कुठे मी? उसण भरलीये." मी केसपेपरवर 'स्प्रेन' लिहिलं, सरांनी ते खोडलं. उसण म्हणजे लचकच ना?

सुंठसाखर: अजिबात नाही! लचक पाय वाकडा पडून, ओझं उचलून भरते. उसण काही न करता भरते. नुसतं वाकून चप्पल घातली तरी. श्वास घेता येत नाही.

चकलीसोऱ्या: आमच्या सांगलीकडे पाय मुरगळतो आणि कमरेत लचक भरते. पायात लचक पहिल्यांदाच ऐकतोय.

सुंठसाखर: मग सांगलीत पायांना न्याय नाही.

खुरपं: बारा वर्षं प्रॅक्टिस करतोय. स्प्रेन अस्थिबंधाचा (लिगामेंटचा), स्ट्रेन स्नायूचा. पेशंटची लचक दोन्हीकडे जाते, म्हणून सरांनी खोडलं ते बरोबर. केसपेपरवर पेशंटचाच शब्द अवतरणात लिहायचा, निदान खाली. आणि पाटावरवंटांचं 'लागणं' मला पटलं. मेटलंडच्या ग्रेड, म्हणजे सांधा हाताने हलवण्याच्या पायऱ्या, शिकवताना मी तेच म्हणतो: पहिली-दुसरी विरोध लागायच्या आत, तिसरी-चौथी विरोधात शिरून. गादी फाटलेला गुडघा सरळ करताना स्प्रिंगसारखा उसळून मागे येतो, तेही हाताला लागतं. एकच प्रकार वेगळा, 'एम्प्टी'. तिथे आपल्या हाताला काहीच लागत नाही, पण पेशंटला लागतं आणि तो हात धरतो. असं झालं की जोर करायचा नाही, आधी आत काय आहे ते शोधायचं.

शेवगा: 'अस्थिबंध' चालतो आणि 'सीमास्पर्श'ला हसता! बाकी 'उसण' हे 'उष्ण'वरून आलं असणार, भरल्या जागी गरम शेक देतात ना.

सुंठसाखर: मग सर्दीलाही उसण म्हणा, तिथेही शेकच देतात. माझ्या मते 'उसना'शी नातं आहे. दुखणं कुणाकडून तरी उसनं आल्यासारखं येतं आणि जातं.

शेवगा: ही व्युत्पत्ती आहे की चारोळी?

पाटावरवंटा: आमच्या गल्लीत एक पायाळू काका होते. उसण भरली की लोक त्यांच्यापुढे पाठ करून उभे राहायचे, ते हलकेच लाथ मारायचे. फी चहा.

खुरपं: साध्या कमरेच्या उसणीला पुष्कळदा काही दिवसांत आपोआप उतार पडतो. काकांचं श्रेय तेवढंच.

पाटावरवंटा: तुमच्या मशीनचंही मग तेवढंच का हो?

अडकित्ता: उद्या नोट्स झेरॉक्सला द्यायच्यात. तूर्त 'एंड फील'च ठेवलंय.

चकलीसोऱ्या: ते असू दे. पायाळूनं लाथ डाव्या पायानं मारायची की उजव्या?