प्रतिसाद: समुद्र आहे, मग फ्रीस्टाइलवाले कोकणातून का नाहीत?

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की समुद्रकाठची पोरं आपोआप चांगली स्विमर व्हायला हवीत, पण तसं नसतं हो, आम्ही पण विहिरीत कंबरेला सुका भोपळा बांधूनच शिकलो, भरतीला खाडी पार करायचो, पण डोकं कायम पाण्याच्या वर, त्याला फ्रीस्टाइल, म्हणजे तोंड पाण्यात ठेवून आळीपाळीने हात मारत वेगात पोहणं, कोण म्हणणार! ५० मीटरची टँक लागते, ती कोकणात कुठं शोधायची?

आपला स्विमर वीरधवल खाडेचंच बघा ना. कोल्हापूरचा, म्हणजे घाटावरचा, समुद्राचा काय संबंध? १६ व्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल. २०१० ला ग्वांगझूच्या एशियाडमध्ये ब्राँझ, ते मात्र ५० मीटर बटरफ्लायला (दोन्ही हात एकदम फिरवून पोहायचा प्रकार), पोहण्यात भारताला २४ वर्षांनी मेडल. मग सरकारी नोकरी, आमच्या मालवणातच तहसीलदार होता की! रेती-सातबाऱ्याची कटकट सांभाळून माणूस प्रॅक्टिस कधी करणार? तरी २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, २२.४३ सेकंद, नॅशनल रेकॉर्ड, आणि फायनलला २२.४७. तिसऱ्या आलेल्या जपान्याचं टायमिंग २२.४६. शंभरावा भाग सेकंदाचा, नखाएवढा पण नाही राव. हीटचंच टायमिंग परत आलं असतं तर ब्राँझ घरात होतं, मला ते अजून टोचतं.